हाताने चालविलेली चित्रे

चित्रांविषयी बोलावयाचे आणि चित्र मात्र एकही दाखवावयाचे नाही, असा काहीसा विपरीत प्रसंग आज माझ्यावर आला आहे. नभोवाणीला वाचा आहे, डोळे नाहीत. म्हणून आरंभीच एक विनंती करतो. घरात एखादी जुनी वही असेल तर ती हाताशी घ्यावी. तिच्या शेवटच्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या बाजूस, पेन्सिलीने एक ठिपका द्यावा. त्याच्या अलीकडच्या पानावर तोच ठिपका गव्हाच्या दाण्याएवढा वर सरकवावा, त्याच्या अलीकडे आणखी थोडा वर. अशी वीस-पंचवीस पाने झाली म्हणजे सारे कोपरे अंगठ्याखाली धरून मागल्या पानापासून एकामागून एक फरफर सोडावेत. ठिपका वर चढू लागेल. कागदावर पाहावे तर ठिपके निरनिराळे आहेत, आणि प्रत्येक आपापल्या जागी स्वस्थ बसलेला आहे. मग चढला तो ठिपका कोणता आणि तो आहे कोठे? ह्या एका प्रश्नाभोवती माझे आजचे भाषण फिरणार आहे.

मी चित्रकार नाही. अकोट तालुक्यातील शाळांतून पस्तीस वर्षे मुलांना गणित आणि मराठी शिकवून निवृत्त झालेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी एक मास्तर. ज्या विषयात मला अधिकार नाही त्यात मी का शिरलो, हे सांगितले पाहिजे. माझ्या धाकट्या बंधूंची मुलगी पुण्यास चित्रकलेच्या महाविद्यालयात शिकते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत ती अकोटास आली ती एक काम बरोबर घेऊनच. एक मिनिटाचा चित्रपट करावयाचा. तो कागदावर हाताने चित्रे काढून, एकेका चित्राचे छायाचित्र घेऊन करावयाचा. आणि विषय ठरवून दिलेला होता, तो म्हणजे निरागसपण हरवणे.

"मोठेबाबा," ती म्हणाली, "चित्रे मी काढीन, पण मला गोष्ट सुचत नाही. तुम्ही एवढी मुले पाहिलीत. मुलाचे मूलपण जाते तो नेमका क्षण कोणता, ते तुम्ही सांगा."

उत्तर मला ठाऊक होते. तथापि ते मी त्या दिवशी दिले नाही. ते का, हे पुढे ओघाने येईल. तूर्त मी एवढेच म्हणालो, "आधी चित्रे चालतात कशी ते मला समजावून दे, मग गोष्टीचे पाहू." पुढचे आठ दिवस ती गुरू आणि मी शिष्य असा क्रम चालला. त्या आठ दिवसांत जे शिकलो ते आपणांस सांगतो.

आम्ही लहानपणी पाठ केले होते की, डोळ्यावर उमटलेली प्रतिमा क्षणभर टिकून राहते आणि ती पुसली जाण्यापूर्वीच दुसरी येते, म्हणून चित्र हलल्यासारखे भासते. ह्याला दृष्टिसातत्य असे नाव आहे. पुष्कळ पुस्तकांतून आजही हेच कारण दिलेले आढळते. परंतु ते अपुरे आहे. प्रतिमा नुसत्या टिकून राहिल्या असत्या तर एकीवर एक साचून सारा गिचमिडकाला झाला असता. १९१२ साली माक्स वेर्टहायमर ह्या मानसशास्त्रज्ञाने जर्मनीत केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. दोन स्थिर रेषा थोड्याशा अंतरावर, अगदी अल्प कालाने एकीमागून एक दाखविल्या असता पाहणाऱ्याला दोन रेषा दिसत नाहीत. एकच रेषा इकडून तिकडे गेलेली दिसते. मधली वाट कोणी दाखविलेली नसते. ती पाहणाऱ्याचे मन आपणच भरून काढते. आपल्या वहीतला चढणारा ठिपका त्या मधल्या वाटेवर आहे. चित्रकार दोन चित्रे देतो आणि त्यांना जोडणारी गती पाहणारा आपल्या पदरची घालतो. लहान मूल हे काम विनातक्रार करते, आणि मोठ्या माणसाचे मनही, त्याची इच्छा असो वा नसो, तेच करते. चित्रपट म्हणजे पाहणाऱ्याने टाकलेला विश्वास होय, हे माझ्या पुतणीचे वाक्य मला तेव्हा मोठे वाटले. पुढे ते खरेही वाटले.

हा खेळ आपल्या महाराष्ट्राला नवा नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'शांबरिक खरोलिका' ह्या नावाने दिव्याच्या चित्रांचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे पडद्यावर पाडावयाची, आणि एकाच पात्राच्या निरनिराळ्या स्थितींच्या काचा भराभर बदलून ते पात्र हालचाल करीत आहे असा भास उत्पन्न करावयाचा, ही त्या खेळाची खुबी होती. बोलका सोडाच, मुका चित्रपटही तेव्हा आपल्याकडे निर्माण व्हावयाचा होता.

त्यानंतर धुंडिराज गोविंद फाळके ह्यांचे नाव घ्यावयाचे. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांना दाखविला गेला, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या आदल्या वर्षी, विलायतेहून यंत्रसामग्री आणल्यावर, त्यांनी जो पहिला लहानसा पट केला त्यात ना राजा होता ना राणी. कुंडीत वाटाण्याचा दाणा लावून, कॅमेरा तेथेच रोवून, महिन्याहून अधिक काळ थांबून थांबून त्यांनी त्याची एकेक चौकट घेतली. पडद्यावर मात्र दाणा फुटला, अंकुर वर आला आणि वेल पाहता पाहता वाढली. 'अंकुराची वाढ' हे त्याचे नाव. हा पट पाहूनच कर्ज देण्यास सावकाराचे मन वळले आणि 'हरिश्चंद्रा'चा मार्ग मोकळा झाला. ज्या वर्षी वेर्टहायमरने मनाचा हा गुण शास्त्राने सिद्ध केला, त्याच वर्षी फाळक्यांनी तो वाटाण्याच्या एका दाण्यावर वापरला, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो. पुढे १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा पट केला. त्यात आगकाड्या आपोआप हलत. काडी तसूभर सरकवावयाची, हात बाजूला घ्यावयाचा, चौकट टिपावयाची, पुन्हा काडी सरकवावयाची, अशी ही रीत. तो पट आज आपल्याला पाहावयास मिळत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

१९३४ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने 'जंबूकाका' हा व्यंगचित्रपट काढला. स्वातंत्र्यानंतर मुंबईस सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली ह्या कामासाठी स्वतंत्र शाखा निघाली. विजया मुळे ह्यांचा १९७४ सालचा 'एक, अनेक और एकता' हा लहानसा पट तर दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचला. आपल्यापैकी अनेकांच्या मुलांनी तो पाहिला असेल.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. चित्रपटगृहात एका सेकंदात चोवीस चौकटी डोळ्यांपुढून जातात. हाताने चित्रे काढणारे बहुधा प्रत्येक चित्र दोन चौकटी ठेवतात. म्हणजे एका सेकंदास बारा चित्रे पुरतात. मिनिटाचे सेकंद साठ, म्हणून चित्रे सातशे वीस. हे गणित मी फळ्यावर मांडावे तसे कागदावर मांडले आणि मला घाम फुटला. पुतणी हसली. फ्रान्समध्ये १९०८ साली एमील कोल नावाच्या चित्रकाराने पहिल्या काही व्यंगचित्रपटांपैकी एक केला, तोही सुमारे सातशे चित्रांचा होता, असे तिने मला धीर देण्यासाठी सांगितले.

आमची प्रयोगशाळा म्हणजे माडीवरची खोली. उत्तरेच्या खिडकीतून सातपुड्याची निळी ओळ दिसते. परंतु ती खिडकी पहिल्याच दिवशी बंद करावी लागली. सूर्य सरकतो तसा उजेड बदलतो आणि मग पडद्यावर सारे चित्र लुकलुकते. म्हणून दिवसाढवळ्या खिडक्या लावून दोन दिव्यांच्या उजेडात काम करावयाचे असे ठरले. पंखा लावण्याचीही सोय नव्हती, कारण कागद उडतात. वऱ्हाडातला मे महिना, बंद खोली आणि बंद पंखा! कलेसाठी तपश्चर्या लागते असे म्हणतात, त्याचा अर्थ मला साठी उलटल्यावर कळला.

एका पाटावर दोन बिनडोक्याचे खिळे ठोकले. प्रत्येक कागदाला त्याच अंतरावर दोन भोके पाडून तो त्या खिळ्यांत अडकवावयाचा, म्हणजे कोणताही कागद कितीही वेळा काढला आणि घातला तरी केसभरही हलत नाही. चित्रे काढण्यासाठी चार विटांवर काच ठेवून तिच्याखाली दिवा लावला. त्यामुळे खालच्या कागदावरील चित्र वरच्या कागदातून दिसते आणि त्याच्या आधाराने पुढचे काढता येते. छायाचित्रे घेण्यासाठी मोबाइल पुरला. उलट्या ठेवलेल्या स्टुलाच्या पायांना दोन पट्ट्या बांधून त्यांवर तो पालथा निजविला. त्यातील उजेड आपोआप कमीअधिक करणारी योजना मात्र आधी बंद करावी लागते. नाही तर यंत्र प्रत्येक वेळी आपला शहाणपणा चालविते.

चित्रे काढण्याचाही एक क्रम आहे. आरंभी मुख्य चित्रे काढावयाची. उदाहरणार्थ, मुलगा हात वर करतो ह्या क्रियेत हात खाली असतो ते एक आणि हात वर गेला ते दुसरे. मग मधली चित्रे भरावयाची. मधली चित्रे सारख्या अंतरावर असावीत असे मला वाटले होते, परंतु ते चूक. वर फेकलेला चेंडू पाहा. हातातून सुटतो तेव्हा तो वेगात असतो, म्हणून त्याची चित्रे दूरदूर. माथ्यावर पोहोचताना तो रेंगाळतो, म्हणून तेथे चित्रे दाटीवाटीने. पुन्हा खाली येताना दूरदूर. अंतर जास्त तेथे वेग, अंतर कमी तेथे विसावा. हे एवढे साधले की कागदावरच्या वर्तुळालाही वजन येते, आणि हे न साधले तर हत्तीसुद्धा फुग्यासारखा तरंगतो.

दुसरी युक्ती फेऱ्याची. धावणाऱ्या कुत्र्याची प्रत्येक झेप नव्याने काढावी लागत नाही. आठ चित्रांत एक झेप पुरी होते, आणि आठव्यानंतर पुन्हा पहिले ठेवले की कुत्रा हवा तितका वेळ धावतो. मात्र ती आठ चित्रे पक्की हवीत. १८७८ साली अमेरिकेत मायब्रिज ह्याने धावत्या घोड्याची लागोपाठ छायाचित्रे घेतली, तेव्हा असे दिसून आले की घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात खरे, परंतु ते जुन्या चित्रांत दाखवीत तसे पुढेमागे ताणलेले नसतात; ते पोटाखाली गोळा झालेले असतात. शेकडो वर्षे चित्रकारांनी घोडे पाहिले, आणि हे कोणाच्याही डोळ्यांना दिसले नाही.

अकोटच्या सतरंज्या एके काळी नावाजलेल्या होत्या, हे जुन्या लोकांना स्मरत असेल. माझ्या लहानपणी मी मागाशी बसलेला कारागीर पाहिला आहे. तो एक आडवा धागा घाली, ठोकी, दुसरा घाली, ठोकी. दुपारपर्यंत वीतभर काम दिसे. त्याला विचारले तर वाघ किंवा मोर आपण विणतो असे तो म्हणत नसे. तो म्हणे, मी धागा घालतो. ह्या चित्रांचे काम तसेच आहे. शेजारची दोन मुले मदतीला आली होती. आम्ही चौघे मिळून दिवसास तीस-चाळीस चित्रे पुरी करीत असू, आणि संध्याकाळी ती मोबाइलवर चालवून पाहिली की तीन सेकंदांत दिवस संपे.

येथवर झाली ती कारागिरी. परंतु विषय होता निरागसपण हरवण्याचा, आणि गोष्ट अजून ठरावयाची होती. मुलांनी आपापल्या सूचना केल्या. एकाने म्हटले, मुलगा गलोलीने चिमणी मारतो असे दाखवू. दुसऱ्याने म्हटले, मुलाची आई मरते असे दाखवू. पुतणीला दोन्ही पटेनात. तिचे म्हणणे असे की, ह्यांत काय घडले ते दिसेल. मुलाच्या आत काय मोडले ते दिसणार नाही. मग तिने आम्हांस दोन चित्रपट दाखविले, त्यांचा उल्लेख करणे अवश्य आहे.

पहिला रशियाचे यूरी नॉर्स्टीन ह्यांचा, १९७९ सालचा. त्याच्या नावाचा अर्थ 'गोष्टींची गोष्ट'. कागदाची कातरलेली चित्रे काचेच्या थरांवर ठेवून, ती केसाकेसाने सरकवून तो केला आहे. त्यात एका प्रसंगी दिव्याखाली जोडपी नाचत असतात. नाच चालू असताच एकेक पुरुष नाहीसा होतो, आणि स्त्रिया एकट्या उरतात. युद्ध दाखविलेले नाही, रक्त नाही. केवळ चौकटीतून एक आकृती काढून घेतली आहे. दुसरा मुंबईच्या गीतांजली राव ह्यांचा, 'प्रिंटेड रेनबो' नावाचा, २००६ सालचा. एक एकाकी वृद्ध स्त्री आणि तिची मांजर. तिचे घर करडे, रंगहीन. परंतु आगपेट्यांवरील चित्रांत ती शिरते तेव्हा सारे रंग फुलतात. सुमारे पंधरा मिनिटांचा हा पट त्यांनी जवळजवळ एकटीने चित्रे काढून, तीन वर्षे खपून केला आणि फ्रान्समधील कान येथे तो गौरविला गेला. फाळक्यांच्या आगकाड्यांपासून ह्या आगपेट्यांपर्यंत नव्वद वर्षांचे अंतर आहे, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

हे दोन पट पाहून झाल्यावर त्या रात्री मी पुतणीला माझी गोष्ट सांगितली.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची ही हकीकत. इयत्ता चौथीचा वर्ग, विषय अपूर्णांक. मी फळ्याकडे तोंड करून उदाहरण मांडीत होतो आणि मागच्या बाकावर हशा पिकला. वळून पाहिले तर एक मुलगा गणिताची वही अंगठ्याने फरफरवीत होता आणि भोवतालची मुले वाकून पाहत होती. मी वही घेतली. वहीच्या कोपऱ्यांत एक कुत्रा काढलेला होता. पानोपान तो थोडा थोडा पुढे जात होता. मी स्वतः ती पाने एकदा सोडून पाहिली, हे मला स्पष्ट आठवते, कुत्रा धावला. आणि तो धावलेला पाहूनही मी ते कोपरे मुठीत धरून जोराने ओढले. काही पाने टाक्यांतून सुटली, काही कोपरे माझ्या हातात आले. मुलगा रडला नाही. तो एवढेच म्हणाला, "थो अजून घरी पोचला नोता जी, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी त्याने नवी वही आणली. तिचे कोपरे कोरे होते. ते वर्षअखेरपर्यंत कोरेच राहिले. गणितात तो पुढे चांगले गुण मिळवून उत्तीर्ण झाला, आणि माझ्या शिस्तीचे हे फळ म्हणून मी त्याचे उदाहरण पुढच्या वर्गांना सांगत असे. हे सांगावयास मला लाज वाटते. परंतु तेही ह्या हकीकतीतच मोडते.

पुतणी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोठेबाबा, आपली गोष्ट हीच. फाडणारा हात तुम्हीच काढायचा."

मी काढला. आरसा ठेवून, स्वतःची मूठ पाहून, कागद धरलेला हात काढला. तो फाडण्याचा प्रसंग किती चित्रांत बसवावा, ह्यावर विचार झाला. मला वाटले होते, एवढी मोठी घटना, तिला दोन सेकंद तरी द्यावेत. तिने खरोखरीचा कागद फाडून वेळ मोजला. सेकंदाचा तिसरा हिस्सा भरला. बारांचा तिसरा हिस्सा चार. तीस वर्षे माझ्या मनात जी गोष्ट ठाण मांडून आहे तिला चार चित्रे पुरली.

खरी अडचण पुढच्या क्षणाची होती. मुलाचा चेहरा दाखवावयाचा. तो रडत नाही, हलत नाही. मी सुचविले की एकच चित्र पाच सेकंद तसेच ठेवावे. तसे करून पाहिले तर मुलगा जिवंत दिसेना. पडदा बिघडून थांबल्यासारखे वाटले. तेव्हा तिने ह्या कलेतील एक जुनी युक्ती सांगितली. तेच चित्र तीन निरनिराळ्या कागदांवर तीनदा गिरवावयाचे आणि ते तिन्ही आळीपाळीने दाखवावयाचे. हात कितीही स्थिर असला तरी तीन वेळा काढलेली रेषा तंतोतंत तीच येत नाही. तिच्यात बारीक थरथर राहते. ती पडद्यावर दिसते, आणि न हलणारा चेहरा श्वास घेतो आहे असे वाटते. यंत्राने मधली चित्रे क्षणार्धात भरून मिळण्याच्या ह्या काळात कोणी हाताने का काढावे, ह्याचे उत्तर मला त्या तीन कागदांनी दिले.

आणि कुत्रा? फाडण्यापूर्वी आठ सेकंद तो धावतो. आठ चित्रांचा फेरा बारा वेळा. फाडल्यानंतर एक कोपरा जमिनीवर पडलेला दाखविला आहे. त्यावर तोच कुत्रा, त्याच आठांतील एका चित्रात, पाय पोटाखाली घेऊन हवेत थांबलेला. येथे मात्र रेषा मुद्दाम थरथरू दिली नाही. त्या चित्रात काहीही बदललेले नाही. एक रेघ वाढली नाही, एक गळली नाही. त्याच्या पुढचे पान तेवढे नाही. निरागसपण हरवणे म्हणजे काय, असे मला आता कोणी विचारले तर मी व्याख्या सांगणार नाही, हे सांगेन. मुलाचे मन दोन चित्रांमधली वाट स्वतः भरून काढीत असते, आणि कोणीतरी मोठे माणूस येऊन ते काम त्याच्याकडून काढून घेते. चित्रे उरतात, चालणे संपते.

शेवट कसा करावा, ह्यावर आमचा वाद झाला, तोही सांगतो. शेवटच्या काही सेकंदांत नव्या वहीची कोरी पाने उलटत जातात. मी म्हणालो, "अगदी शेवटच्या पानावर तो कुत्रा घरी पोचलेला दाखव. लहानसे घर, दार उघडे." पुतणीने साफ नकार दिला. "मोठेबाबा, तो पोचला तर विषयच राहत नाही. आणि तुम्हाला तो घरी पोचवायचा आहे, तो त्या मुलासाठी की तुमच्यासाठी?" ह्या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. पाने कोरीच ठेवली.

तो मुलगा आता चाळिशीत आहे. ह्याच भागात त्याचे लहानसे दुकान आहे, आणि भेटला की तो आजही वाकून नमस्कार करतो. चित्रपट पुरा झाल्यावर, पुण्यास पाठविण्यापूर्वी, मी त्याला घरी बोलाविले. क्षमा मागावयाची असे मनाशी ठरविले होते, वाक्येही जुळविली होती. त्याने मोबाइल हातात घेऊन एक मिनिट पाहिले, पुन्हा पहिल्यापासून एकदा पाहिले, आणि म्हणाला, "गुरुजी, शेपटी वर होती त्याची. तुम्ही खाली काढली."

माझी जुळविलेली वाक्ये तेथेच राहिली. पुतणीने त्याच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवली. त्याने पेन्सिल उचलली, थोडा वेळ बोटांत फिरविली आणि खाली ठेवली. "आता नाही होत ते," असे म्हणून हसला, चहा घेतला आणि दुकान उघडावयाचे म्हणून निघून गेला.

शेपटी आम्ही सुधारली. चित्रे आठच बदलावी लागली. परंतु त्या आठ सेकंदांच्या शहाण्णव चौकटी मात्र पुन्हा एकेक करून टिपाव्या लागल्या. मे महिना संपत आला होता आणि पंखा बंद होता. त्या शहाण्णव मी एकट्याने टिपल्या.

श्रोतेहो, आपल्या घरी मुले असतील आणि त्यांच्या वह्याही असतील. ह्या कलेचा आरंभ करावयास पुण्या-मुंबईस जावे लागत नाही, हे आपण पाहिलेच. दोन खिळे, एक काच, एक दिवा आणि हाताशी असलेला मोबाइल एवढ्यावर ते काम होते. मुलाने केले तर त्याला करू द्यावे, आणि जमल्यास त्याच्या शेजारी बसून मधली चार चित्रे आपणही काढावीत. गणिताच्या वहीचे कोपरे रिकामे राहिले नाहीत म्हणून अपूर्णांक अडून राहत नाहीत, हे पस्तीस वर्षे गणित शिकविलेला मनुष्य आपणांस सांगत आहे.